अमेरिकेच्या अणुबॉम्बचे कारखाने: कुठे होते, काय बनवायचे आणि मागे काय सोडून गेले

अणुबॉम्ब म्हटलं की आपल्यासमोर हॅट घातलेला हडकुळा ओपनहायमर येतो, फळ्यावरची समीकरणं येतात, गीतेतला श्लोक येतो आणि मग एकदम तो ढग. मधलं सगळं गायब. म्हणून आधी पैशाचा हिशोब बघू. १९४५ संपेपर्यंत मॅनहॅटन प्रोजेक्टवर, म्हणजे बॉम्ब बनवायच्या गुप्त योजनेवर, अमेरिकेचे साधारण १९० कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातले लॉस अलामोसच्या लॅबला, म्हणजे जिथे ओपनहायमर आणि बाकीची हुशार मंडळी बसली होती तिथे, गेले ४ टक्क्यांच्या आसपास. टेनेसीतल्या ओक रिजला ६३ टक्के, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला २१ टक्के. (हे वॉशिंग्टन म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य, राजधानी नाही.) म्हणजे दर १०० डॉलरमधले ८४ डॉलर दोन ठिकाणच्या कारखान्यांत गेले, आणि सिनेमे बनतात ते ४ डॉलरवर.

असं का झालं ते समजायला थोडं विज्ञान लागतं, पण घाबरू नका, फार नाही. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये बॉम्बला उपयोगी पडणारा प्रकार, युरेनियम-२३५, असतो फक्त ०.७ टक्के. बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. समजा तुम्ही ताटात तांदूळ निवडायला बसलात, हजार दाण्यांतले सातच दाणे हवेत, पण रंग तोच, आकार तोच, शिजवले तर चवही तीच, फरक फक्त वजनात आणि तोही सव्वा टक्क्याचा. केमिस्ट्री इथे हात टेकते कारण तिच्या दृष्टीने दोन्ही एकच. दुसरा रस्ता प्लुटोनियमचा. ते निसर्गात जवळपास नसतंच, अणुभट्टीत युरेनियमपासून बनवावं लागतं आणि मग त्या भयंकर किरणोत्सारी युरेनियममधून अ‍ॅसिड वापरून वेगळं काढावं लागतं, तेही जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडून, कारण जवळ उभा राहिलेला माणूस वाचत नाही. बॉम्ब बनू शकतो हे कागदावर मांडायला थोडी माणसं पुरली, पण ते काही किलो सामान हातात यायला शहरं वसवावी लागली.

हे काम दिलं लेस्ली ग्रोव्ह्ज नावाच्या आर्मी इंजिनियरला. त्याआधी त्याच्याकडे पेंटॅगॉनच्या बांधकामाची देखरेख होती. मला विचाराल तर ओपनहायमरच्या निवडीपेक्षा ही निवड जास्त महत्त्वाची होती, कारण ग्रोव्ह्जला फिजिक्सपेक्षा सिमेंट, रेल्वेचे रूळ आणि कंत्राटदार कळत होते. युरेनियम वेगळं करायची कोणती पद्धत चालेल हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, तर याने काय केलं, वेगवेगळ्या पद्धतींचे प्लांट एकदम बांधायला घेतले. युद्ध चालू असताना, पूर्ण डिझाइन हातात नसताना.

ओक रिजची जमीन १९४२ च्या शेवटी ताब्यात घेतली गेली, जवळपास ६० हजार एकर. हजारेक कुटुंबं उठवली. आपल्याकडे ज्यांना प्रकल्पग्रस्त म्हणतात तसेच हे लोक, नोटीस हातात, काहींना सामान हलवायला दोन-तीन आठवडेच मिळाले आणि मोबदल्यावरून कोर्टकचेऱ्या पुढे चालू. त्यातली काही घरं तर आधी नॅशनल पार्कसाठी किंवा नॉरिस धरणासाठी एकदा उठलेली होती, नवीन जागी बस्तान बसतंय तोवर परत हे. तीन वर्षांत त्या जागी ७५ हजार वस्तीचं शहर उभं राहिलं जे कोणत्याही नकाशावर नव्हतं. काळ्या कामगारांना मात्र वेगळ्या झोपड्या, आणि नवरा-बायको असले तरी वेगवेगळं राहायचं. हा भाग कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

तिथल्या वाय-१२ प्लांटमध्ये प्रचंड चुंबक होते. युरेनियमचे आयन चुंबकाच्या क्षेत्रातून फिरवले की हलका आयन जरा आतून वळतो, जड जरा बाहेरून, आणि शेवटी दोघं वेगवेगळ्या खिशात पडतात, तत्त्व एवढंच. पण चुंबकाच्या वेटोळ्यांना हजारो टन तांबं लागणार आणि तांबं सगळं युद्धात गेलेलं. मग यांनी सरकारी तिजोरीतली चांदी मागितली. किती हवी विचारल्यावर ग्रोव्ह्जच्या माणसाने टनांत आकडा सांगितला तेव्हा ट्रेझरीचा अधिकारी थंडपणे म्हणाला की आमच्याकडे चांदी औंसांत मोजतात. शेवटी १३ हजार टनांहून जास्त चांदी गेली, तारा-पट्ट्या बनून चुंबकांत बसली, आणि शेवटचा हिस्सा तिजोरीत परत यायला १९७० साल उजाडलं.

ही मशीन चालवायला कोण? आजूबाजूच्या गावांतल्या नुकत्याच हायस्कूल संपवलेल्या मुली. समोर पॅनल, डायल, काटा अमुक खुणेच्या बाहेर गेला की नॉब फिरवून जागेवर आणायचा, काय बनतंय ते विचारायचं नाही. या मशीनचा जनक अर्नेस्ट लॉरेन्स, त्याच्या पीएचडीवाल्या माणसांशी या मुलींची एकदा शर्यत लावली आणि उत्पादनात मुली जिंकल्या, कारण काटा हलला की शास्त्रज्ञ तो का हलला हे शोधत बसायचे आणि मुली नॉब फिरवून मोकळ्या व्हायच्या. शेजारी के-२५ नावाची बिल्डिंग, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, एकेक बाजू अर्धा मैल लांब, तिच्यात युरेनियमचा वायू बारीक छिद्रांच्या पडद्यांतून हजारो वेळा ढकलायचा. त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी इमारत म्हणून तिचं नाव होतं.

हॅनफर्डचं काम याहून वेगळं. कोलंबिया नदीचं थंड पाणी, जवळच्या धरणाची वीज आणि विरळ वस्ती, या तीन गोष्टी बघून १९४३ मध्ये जागा घेतली. व्हाइट ब्लफ्स आणि हॅनफर्ड ही दोन छोटी गावं रिकामी केली, शेतकऱ्यांच्या फळबागा होत्या, त्यांतली फळं नंतर कैदी आणून तोडून घेतली. वानापुम नावाचे मूळचे रहिवासी शतकानुशतकं त्या नदीवर मासेमारी करत होते, त्यांचाही रस्ता बंद झाला. चालवायला घेतलं ड्यूपाँट कंपनीने. पहिल्या महायुद्धात दारूगोळा विकून गबर झाले म्हणून या कंपनीला इतक्या शिव्या पडल्या होत्या की यावेळी त्यांनी खर्चाव्यतिरिक्त फी घेतली फक्त १ डॉलर.

आणि या ड्यूपाँटमुळेच तिथला सगळ्यात भारी किस्सा घडला. जगातली पहिली मोठी अणुभट्टी, बी रिअ‍ॅक्टर, सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झाली, काही तास छान चालली आणि मग आपोआप मंदावत बंद पडली. थोड्या वेळाने परत सुरू झाली, परत बंद. शोधल्यावर कळलं की भट्टी चालताना झेनॉन-१३५ नावाचा वायू तयार होतो आणि तो न्यूट्रॉन गिळतो, थोडक्यात भट्टी स्वतःच्याच धुराने गुदमरत होती. उपाय एकच, आणखी इंधन भरायचं. पण त्यासाठी नळ्या कुठून आणणार? तर झालं असं होतं की शास्त्रज्ञांच्या डिझाइनमध्ये १,५०० नळ्या होत्या आणि ड्यूपाँटच्या इंजिनियरांनी काही नडलं तर असू दे म्हणून २,००४ नळ्यांची सोय करून ठेवली होती. तेव्हा शास्त्रज्ञ त्यावर नाराज होते. त्या जादा नळ्या नसत्या तर भट्टी नव्याने बांधावी लागली असती.

लॉस अलामोसबद्दल तुम्ही बरंच ऐकलं असेल म्हणून पटकन सांगतो. न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर मुलांची एक बोर्डिंग शाळा होती, ती सरकारने घेतली, १९४३ पासून तिथे लॅब. सगळ्यांचा पत्ता एकच, सांता फे, पोस्ट बॉक्स १६६३, आणि तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणूनही तेच. ओक रिजचा युरेनियम आणि हॅनफर्डचा प्लुटोनियम इथे यायचा. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोतच ट्रिनिटी नावाची पहिली अणुचाचणी, मग ६ ऑगस्टला हिरोशिमावर पडला तो ओक रिजचा माल आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर पडला तो हॅनफर्डचा. आपण इतके दिवस काय बनवत होतो हे बहुतेक कामगारांना हिरोशिमानंतर रेडिओ आणि पेपरमधून कळलं. आणि गंमत बघा, उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या ट्रुमनला एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारल्यावर या प्रकाराची नीट माहिती मिळाली, पण स्टालिनला हेरांमार्फत त्याच्या कितीतरी आधीपासून खबर होती. लॉस अलामोसमध्येच क्लाउस फुक्स हा रशियाला माहिती पुरवणारा शास्त्रज्ञ बसला होता. म्हणजे गुप्तता पाळली गेली ती मुख्यतः आपल्याच कामगारांपासून आणि शेजारच्या गावांपासून, आणि ही सवय पुढे चाळीस वर्षं सुटली नाही.

युद्ध संपलं तेव्हा अनेकांना वाटलं आता हे सगळं आवरतं घेणार. १ जानेवारी १९४७ ला लष्कराकडून कारभार अ‍ॅटॉमिक एनर्जी कमिशन नावाच्या नागरी संस्थेकडे गेला आणि तिचा पहिला अध्यक्ष लिलिएंथल साठा बघायला गेला तर वापरायला तयार असा बॉम्ब जवळपास एकही नाही! भाग सुटे पडलेले, जोडणारे लोक घरी गेलेले. जग अमेरिकेच्या बॉम्बला घाबरून होतं आणि गोदामात ही परिस्थिती.

इथे ही यंत्रणा कशी चालायची ते सांगतो कारण पुढचा सगळा घोळ त्यात आहे. जमीन सरकारची, बिल्डिंग सरकारची, मशीन सरकारचं, पण चालवणार खाजगी कंपनी. खर्च सरकार देणार, वर फी देणार, काही विपरीत घडलं तर भरपाईही सरकारच भरणार. ड्यूपाँटनंतर हॅनफर्ड घेतलं जनरल इलेक्ट्रिकने. ओक रिजचे प्लांट १९८४ पर्यंत युनियन कार्बाइड चालवत होती, हो, तीच, भोपाळवाली. कोलोरॅडोतला रॉकी फ्लॅट्स कारखाना डाऊ केमिकलकडे, टायरवाली गुडइयर ओहायोच्या युरेनियम प्लांटमध्ये, मोन्सँटो ओहायोतल्याच माउंड नावाच्या कारखान्यात, आणि टेलिफोन कंपनी एटी अँड टी अल्बुकर्कच्या सँडिया लॅबमध्ये. लॉस अलामोसच्या लॅबची जबाबदारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे. आणि यांच्यावर देखरेख कोणाची? त्याच कमिशनची, ज्याला लष्कराने वर्षाला इतके बॉम्ब पाहिजेत म्हणून टार्गेट दिलेलं. माल बनवायचा हुकूम देणारा आणि प्रदूषण तपासणारा एकच, वर सगळ्या कागदांवर गुप्त असा शिक्का. असा कारभार कुठेही सुरू केलात तरी काय होईल ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने चाचणी केली आणि मग अमेरिकेने हात सैल सोडला. १९५० ते १९५५ या काळात जे उभं राहिलं त्यापुढे मॅनहॅटन प्रोजेक्ट छोटा वाटतो. साउथ कॅरोलायनात सव्हाना रिव्हरला पाच अणुभट्ट्या, केंटकी आणि ओहायोत युरेनियमचे नवे प्लांट, टेक्सासमधल्या अ‍ॅमरिलोजवळ पँटेक्स जिथे बॉम्बची शेवटची जोडणी व्हायची, कॅन्सस सिटीत स्विच, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे, नेवाडाच्या वाळवंटात चाचण्यांचं मैदान. एक बॉम्ब तयार व्हायला त्याचे भाग डझनभर राज्यांतून ट्रकने, रेल्वेने फिरायचे. पँटेक्सची जोडणीची खोली गोल असते आणि छतावर कित्येक फूट खडीचा थर, आत स्फोटकं फुटलीच तर छत उचलून खडी खाली कोसळते आणि सगळं तिथेच गाडलं जातं. आत काम करणाऱ्याचं काय, हा प्रश्न विचारू नका.

सव्हाना रिव्हरसाठी एलेंटन नावाचं अख्खं गाव हटवलं, आजूबाजूची वस्ती धरून सहा हजार माणसं. गावाच्या पाटीखाली कोणीतरी हाताने लिहिलेला बोर्ड लावला होता, त्याचा अर्थ असा की दुसऱ्या कोणाचं तरी गाव नष्ट करणारा बॉम्ब बनवायला आमचं गाव का नष्ट करावं लागतंय हे समजायला जड जातं, त्यांचंही त्यांच्या गावावर आमच्याइतकंच प्रेम असेल. १९५० च्या साउथ कॅरोलायनात, कम्युनिस्टांच्या भीतीने सगळे पछाडलेले असताना, हे लिहायला हिंमत लागते.

तिथे ट्रिटियमही बनायचा. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ, आधुनिक बॉम्बना तो लागतो, पण तो सव्वाबारा वर्षांत अर्धा होतो. म्हणून एकदा बॉम्ब बनवून ठेवले आणि कारखान्याला कुलूप लावलं असं होत नाही, ट्रिटियम बदलत राहावं लागतं.

जाता जाता, आपल्या ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीला लागणारं जड पाणी त्याच काळात अमेरिकेने दिलं होतं, भट्टी कॅनडाची, शांततेसाठी अणू वगैरे गोड गप्पांच्या दिवसांत. १९७४ च्या पोखरणचा प्लुटोनियम त्याच भट्टीतला, त्यावरून पुढे किती बोंबाबोंब झाली ते माहीतच आहे.

साठ्याचे आकडे बघितले की वेग कळतो. १९५० मध्ये ३०० च्या आसपास बॉम्ब, १९६० मध्ये १८ हजारांच्या वर, १९६७ मध्ये ३१,२५५. हा कळस होता. एवढ्या बॉम्बचं करायचं काय, टाकायचे कुठे, हे मला तरी आजवर कोणी नीट पटवून दिलेलं नाही. एक उत्तर असं की कारखाने एवढे मोठे बांधले होते की ते चालू ठेवायचे तर माल निघणारच, आणि हवाई दल, नौदल, पायदळ तिघांनाही आपापले बॉम्ब हवे होते. लॅबही दोन झाल्या. हायड्रोजन बॉम्बबद्दल लॉस अलामोस पुरेसं तळमळीने काम करत नाही अशी एडवर्ड टेलर नावाच्या शास्त्रज्ञाची तक्रार होती, म्हणून १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला दुसरी लॅब काढली, जुन्या नौदल विमानतळावर, संचालक हर्बर्ट यॉर्क, वय वर्षं तीस. त्यांच्या पहिल्या दोन चाचण्या इतक्या फुसक्या निघाल्या की पहिल्या वेळी बॉम्ब ज्या टॉवरवर ठेवला होता त्याचा बराचसा भाग उभाच राहिला. पण नंतर दोन्ही लॅबमध्ये अशी जबरदस्त चढाओढ लागली की नवीन डिझाइन येतच राहिली.

आता रॉकी फ्लॅट्स, इथे जरा थांबू. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, १९५२ पासून चालू. काम एकच, प्लुटोनियमचे गोळे बनवणं, म्हणजे बॉम्बचा गाभा. ऐन भरात वर्षाला हजाराच्या वर. काचेच्या बंद पेट्या, त्यांना शिसं लावलेले रबरी हातमोजे जोडलेले, कामगार बाहेर उभा राहून आत हात घालून लेथवर काम करणार. प्लुटोनियमचा गुण असा की त्याचा बारीक कीस हवेत आपोआप पेटतो. ११ सप्टेंबर १९५७ ला आग लागली, धूर गाळणारे फिल्टरच जळून गेले आणि प्लुटोनियम धुराड्यातून बाहेर. वाऱ्याच्या दिशेला शहर. लोकांना धोका नाही असं सांगून विषय मिटवला. ११ मे १९६९ ला परत आग, यावेळी नुकसान इतकं की लपवता येईना, आणि एडवर्ड मार्टेल नावाच्या केमिस्टने आपल्या सहकाऱ्यांबरोबर कारखान्याच्या कुंपणाबाहेरची माती तपासली तर त्यात प्लुटोनियम. मग त्या चौकशीतून कळलं की हा काही एका आगीचा प्रताप नाही, १९५७ ची आगही होती आणि उघड्या मैदानात वर्षानुवर्षं ठेवलेली हजारो पिंपं गळत होती ती वेगळीच.

तरी कारखाना चालूच राहिला, आणखी वीस वर्षं. ६ जून १९८९ ला एफबीआयने धाड टाकली. सरकारी पोलिसांनी सरकारच्याच अणुकारखान्यावर! आत शिरायला बहाणा असा केला की पर्यावरणवादी अतिरेक्यांकडून तुम्हाला धोका आहे, त्याची माहिती द्यायला येतोय. अधिकारी मीटिंगला बसले तेव्हा खिशातून वॉरंट काढलं. तेव्हा चालवणारी कंपनी होती रॉकवेल, तिने १९९२ मध्ये गुन्हे कबूल केले आणि १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला. प्रकरण ऐकायला सामान्य नागरिकांची ग्रँड ज्युरी बसली होती, दोन वर्षांहून जास्त, त्यांना काही अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः खटले हवे होते, सरकारी वकिलांनी नकार दिला आणि कागदपत्रं सीलबंद झाली. कोणीही तुरुंगात गेलं नाही. २००५ पर्यंत ७०० कोटी डॉलरच्या आसपास खर्चून जागा साफ केली, शेकडो बिल्डिंगी पाडल्या, आणि आता तिथे वन्यजीव अभयारण्य आहे, लोक ट्रेकला जातात. जायचं की नाही यावर डेन्व्हरमध्ये अजून भांडणं होतात.

ओहायोतलं फर्नाल्डचं प्रकरण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. तिथे युरेनियम धातूचे गज बनायचे, पण कारखान्याचं अधिकृत नाव असं गुळमुळीत की आसपासच्या कित्येक लोकांना वाटायचं इथे जनावरांचं खाद्य बनतं, पाण्याच्या टाकीवर लाल-पांढरे चौकोन होते तेही एका पशुखाद्य कंपनीच्या खुणेसारखे. १९८० च्या दशकात कळलं की विहिरींच्या पाण्यात युरेनियम आहे. शेजाऱ्यांनी दावा लावला आणि १९८९ मध्ये ७ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली, पैसे भरले सरकारने, कंपनीने नव्हे, कारण करारच तसा.

पण निगरगट्टपणात पहिला नंबर मी हॅनफर्डच्या ग्रीन रनला देईन. डिसेंबर १९४९. रशियाचे प्लुटोनियम कारखाने हवेतल्या अंशांवरून दुरून ओळखता येतील का ते बघायचं होतं, म्हणून आपल्याच कारखान्यातून, पुरेसं थंड न झालेलं इंधन वापरून, फिल्टर बाजूला ठेवून, मुद्दाम किरणोत्सारी आयोडीन हवेत सोडलं. सुमारे ८ हजार क्युरी (क्युरी म्हणजे किरणोत्सार मोजायचं माप). तुलनेसाठी, १९७९ च्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या गाजलेल्या अपघातात २० क्युरीच्या आसपास सुटलं. आयोडीन गवतावर बसतं, गवत गाय खाते, दूध मुलं पितात आणि ते जाऊन थायरॉइडमध्ये बसतं. त्या शेतांवरच्या कोणालाही कळवलं नाही. बाहेर आलं कधी? १९८६ मध्ये, स्थानिक पत्रकार आणि नागरिकांनी रेटा लावल्यावर १९ हजार पानं खुली केली तेव्हा, छत्तीस वर्षांनी.

१९८६ ला चेर्नोबिल झालं आणि आपल्याकडच्या भट्ट्यांचं काय असं अमेरिकन लोक विचारायला लागले. हॅनफर्डची शेवटची भट्टी १९८७ मध्ये बंद, सव्हाना रिव्हरच्या १९८८ मध्ये, रॉकी फ्लॅट्सचं उत्पादन १९८९ मध्ये. म्हणजे सोव्हिएत युनियन कोसळायच्या आधीच अमेरिकेची बॉम्बची उत्पादनसाखळी तुटली होती, कोणत्या करारामुळे नव्हे तर गळक्या टाक्या, जुनाट मशीन आणि कोर्टकचेऱ्यांमुळे. मला हा या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा वाटतो. १९९२ ला शेवटची चाचणी झाली, भूमिगत; सगळ्या प्रकारच्या चाचण्या मिळून एकूण १,०५४.

मग आलं बिल. हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्या आहेत, त्यांत २१ कोटी लिटरच्या आसपास किरणोत्सारी राडा, काही द्रव, काही चिखल, काही मिठासारखा दगड झालेला, आणि कित्येक टाक्यांत नेमकं काय काय मिसळलंय याची नोंद धड नाही. काही टाक्या गळल्यात आणि नदी काही किलोमीटरवर. याची काच करून पुरायची असा प्लॅन आहे, त्या प्लांटचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं आणि खर्च-मुदत दोन्ही कितीदा पुढे गेलं विचारू नका. सगळ्या जागा मिळून साफसफाईचा सरकारी अंदाज ५० हजार कोटी डॉलरच्या वर गेलाय.

काही कचरा न्यू मेक्सिकोत जमिनीखाली साडेसहाशे मीटरवर मिठाच्या थरांत पुरतात, ती जागा १९९९ पासून चालू आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे एक पिंप फुटलं. कारण ऐका. लॉस अलामोसमध्ये पिंप भरताना ओलावा शोषायला मांजराच्या शौचाची वाळू वापरतात, मातीची असते ती. यावेळी कोणीतरी सेंद्रिय वापरली, गव्हापासून बनवलेली. आतल्या नायट्रेटबरोबर तिची रिअ‍ॅक्शन झाली, पिंप तापलं, फुटलं आणि ती खाण जवळजवळ तीन वर्षं बंद.

माणसांचा हिशोबही उशिराच झाला. कारखान्यांतल्या आजारी कामगारांसाठी भरपाईचा कायदा आला २००० मध्ये, तोपर्यंत अनेक वर्षं सरकार कोर्टात कामगारांच्या विरुद्ध उभं राहायचं. नवाहो आदिवासी युरेनियमच्या खाणीत उतरायचे, त्यांच्यासाठी १९९० मध्ये. आणि ट्रिनिटी चाचणीच्या आसपास राहणाऱ्या न्यू मेक्सिकोच्या लोकांचा भरपाईत समावेश झाला २०२५ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

एक मजेदार प्रकार राहिलाच. फॉगबँक नावाचा एक पदार्थ काही बॉम्बमध्ये लागतो, तो नेमका काय आहे ते गुप्त. वाय-१२ मध्ये १९८९ पर्यंत बनवला, मग तो प्लांट पाडून टाकला. दहाएक वर्षांनी जुन्या बॉम्बची डागडुजी करायला परत लागला तर कळलं की बनवायचा कसा हेच कोणाला माहीत नाही, माहीतगार रिटायर झालेले आणि कागदावर फारसं काही लिहिलेलं नाही. खूप वर्षं आणि कोट्यवधी डॉलर घालवून बनवला तर तो चालेना. शेवटी सापडलं ते असं की जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, नव्या प्रक्रियेत ती जास्त स्वच्छ निघत होती, आणि ती घाणच कामाची होती. जुन्या कारागिरांनाही हे माहीत नव्हतं.

सध्या काय चालू आहे? साठा ३,७०० च्या आसपास आहे, चाचण्या बंद म्हणून लॅबमध्ये सुपरकॉम्प्युटर आणि लेझरवर काम चालतं. लिव्हरमोरमध्ये डिसेंबर २०२२ ला १९२ लेझरनी फ्यूजन करून दाखवलं तेव्हा आपल्या पेपरांत स्वच्छ ऊर्जेच्या हेडलाइन आल्या, पण ते मशीन मुळात बांधलंय बॉम्बचा अभ्यास करायला. ओक रिजचं वाय-१२ अजून चालू आहे. २०१२ मध्ये मेगन राइस नावाच्या ८२ वर्षांच्या नन आणि त्यांचे दोन साथीदार पहाटे कुंपणं कापून थेट समृद्ध युरेनियमच्या गोदामाच्या भिंतीपर्यंत पोहोचले आणि त्यावर घोषणा लिहून आले, देशातली सगळ्यात सुरक्षित म्हणवली जाणारी जागा.

आणि प्लुटोनियमचे गोळे परत बनायला लागलेत. वर्षाला ८० पाहिजेत असं संसदेने ठरवलंय, ३० लॉस अलामोसने करायचे, जी मुळात लॅब, कारखाना नव्हेच, आणि ५० सव्हाना रिव्हरने. लॉस अलामोसचा नव्या मालिकेतला पहिला गोळा २०२४ मध्ये पास झाला. सव्हाना रिव्हरला ज्या बिल्डिंगीत हे काम होणार ती मुळात उलट्या कामासाठी बांधायला घेतली होती, रशियाबरोबरच्या करारानुसार जास्तीचा प्लुटोनियम अणुवीज केंद्राच्या इंधनात मिसळून संपवायला. अब्जावधी डॉलर खर्च होऊन २०१८ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला, आणि आता त्याच भिंतींच्या आत बॉम्बचे गाभे बनवायची मशीन बसवण्याचं काम चालू आहे.